हरिश्चंद्रगडावर एक रात्र : पूर्वतयारीविषयी चार गोष्टी



येत्या डिसेंबरात आपल्या ब्राह्मणपाऱ्यातील मंडळींनी हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जावे, असा विचार गेले काही महिने चालू आहे. त्याचे नियोजन आमच्याकडे सोपविण्यात आले, म्हणून आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. नोकरीत आमचे आयुष्य टिपणे लिहिण्यात गेले. तेव्हा हे भाषणही थोडेफार टिपणासारखे झाले, तर आपण सांभाळून घ्यावे.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेऊ. ‘जंगलच पाहायचे तर बारनवापारा काय वाईट आहे?’ असे काहींनी विचारले. वाईट मुळीच नाही. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून नाव मिळालेले ते अभयारण्य १९७६ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर आहे, आणि आपल्या पाऱ्यातला ‘पारा’ आणि त्यातला ‘पारा’ एकच. परंतु तेथे जंगल पाहायचे ते गाडीत बसून. शिवाय आता तेथे हत्तींचाही वावर असतो. पाठीवर बिछाना घेऊन पायी आत शिरावे आणि उघड्यावर रात्र काढावी, अशी ती जागा नव्हे, आणि तसा हट्ट धरणे योग्यही नव्हे. आपल्या मुलांना पायी जाऊन गाठायची जागा हवी आहे.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. सेवेत रुजू होताना ‘मूळ गाव’ या रकान्यात आम्ही ‘रायपूर’ असे लिहिले. रजा प्रवास सवलतीच्या दृष्टीने ते गैरसोयीचे होते, आणि आमच्या वडिलांना तर ते मुळीच रुचले नव्हते. परंतु जन्म येथला, शाळा येथली. दुसरे काय लिहिणार? आपल्यापैकी पुष्कळांची हीच स्थिती आहे. घरात ‘आपले गड’, ‘आपला सह्याद्री’ हे शब्द मुलांच्या कानांवर पडतात आणि सुटीत मुले नागपूरपर्यंत जाऊन परत येतात. ज्याला आपण ‘आपले’ म्हणतो ते त्यांनी एकदा स्वतःच्या पायांनी चालून पाहावे. मग ते आपले आहे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

आता वाटेविषयी. हावडा–मुंबई मार्गाने नागपूर, भुसावळ, नाशिक करीत इगतपुरीला उतरावयाचे. हा प्रवास सुमारे हजार किलोमीटरांचा आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी १२० दिवस मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत कमी झाली. त्यामुळे ‘दिवाळी झाल्यावर बघू’ हे धोरण येथे उपयोगाचे नाही. इगतपुरीहून घोटी, घोटीहून बारीवरून राजूर आणि तेथून पायथ्याचे पाचनई. वाटेतील बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. १६४६ मीटरांचे ते राज्यातील सर्वोच्च शिखर गाडीतूनच पाहून घ्यावे. आपला गड त्याहून ठेंगणा आहे, साधारण १४२४ मीटर.

गडावर चढण्याच्या वाटा अनेक आहेत. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे आणि तीत कातळाचे टप्पे आहेत. बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट दोर आणि अनुभव असलेल्यांसाठी आहे. तरुण मंडळींनी तिचा उल्लेख आमच्यापुढे दोनदा केला. दोन्ही वेळा आम्ही नकार दिला आणि आज तिसऱ्यांदा जाहीरपणे देतो. आपण पाचनईहून जाऊ. कातळभिंतीच्या कडेने आणि पुढे ओढ्याच्या सोबतीने जाणारी ही वाट मुलांनाही झेपेल. अडीच-तीन तास लागतात. आपण चार धरू.

माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच परिसरात रचला, असे मानले जाते. जवळच्या केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्याच्या मधोमध भव्य शिवलिंग आहे. त्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी एकच आज शाबूत आहे. पश्चिमेला कोकणकडा आहे. हा कडा सरळ तुटलेला नाही. तो आत वळलेला, अंतर्वक्र आहे. खाली धुके आणि पाठीशी सूर्य असला तर येथे कधी कधी पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसते. ते दिसेलच असे आश्वासन आम्ही देत नाही. कड्याच्या टोकाशी उभे राहावयाचे नाही; पाहावयाचे तर पालथे पडून, आणि सूर्यास्तानंतर त्या बाजूस कोणी फिरकावयाचे नाही. ह्या एका नियमाला अपवाद नाही, मग तो सभासद कार्यकारिणीचा असो.

सामान थोडे हवे. प्रत्येकाने स्वतःचे ओझे स्वतः वाहावे. एका पाठीवर सातआठ किलोंहून अधिक नको, आणि त्यात तीन लिटर पाणी आलेच. मंदिराजवळ पाण्याची टाकी आहेत, परंतु ते पाणी उकळून किंवा औषध टाकूनच प्यावे. डिसेंबरात रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. रायपूरच्या थंडीच्या हिशेबाने स्वेटर घेऊ नये. १९८६ पासून हा सारा प्रदेश कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तेव्हा लाकडे तोडून चूल पेटविण्याची कल्पना सोडून द्यावी. रात्री कोठे आणि कसे राहू देतात याचे त्या वेळचे नियम वनखात्याकडून लेखी विचारून घेण्याचे काम आमच्याकडे. नकार आला तर पाचनईत मुक्काम करून गड दिवसाउजेडी पाहू. घरून दशम्या, मेतकूट आणि आपली ठेठरी-खुरमी न्यावी; ठेठरी आठवडाभर टिकते, हे छत्तीसगडचे ऋण आपण सह्याद्रीत मान्य करू. गरम पिठले-भाकरी पाचनईची मंडळी करून देतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. भाकरीचे पीठ ती माणसे खांद्यावरून वर नेतात.

मुलींना पाठवावे की नाही, असा प्रश्न दोन घरांतून आला. ज्यांना शंका आहे त्या आईवडिलांनी स्वतः सोबत यावे. जागा राखून ठेवल्या आहेत.

राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. सत्तरी ओलांडलेल्या चौघांनी नावे दिली आहेत. त्यातील एका काकूंनी आम्हांस स्पष्ट सांगितले, ‘वर नाही गेले तरी चालेल, पण मला तो डोंगर खालून दाखवा.’ या चौघांना वर नेण्याचे धाडस आम्ही करणार नाही, आणि त्यांना घरी ठेवणेही आम्हांस बरे वाटत नाही. त्यांच्यासाठी पाचनईत एका घराची ओसरी दोन रात्रींकरिता पाहून ठेवावी, असे ठरले आहे. त्यांच्याजवळ कोणीतरी थांबावयास हवे. कोकणकडा पाहण्याची इच्छा आम्हांस महाविद्यालयात असल्यापासून आहे, परंतु वर जाणाऱ्यांना पाय धड असलेला पुढारी हवा आणि तसे तिघे तरुण आपल्यात आहेत. तेव्हा ओसरीवर आम्ही थांबू. नावे आणि आगाऊ रक्कम दसऱ्यापर्यंत चिटणिसांकडे द्यावी.