डाव्या अंगाचा घोडा

युरोपात घडलेल्या चकमकीच्या बंदुका पाहिल्या, तर घोडा बहुधा नळीच्या उजव्या अंगालाच दिसतो. श्रीलंकेत सिंहली कारागिरांनी घडवलेल्या बहुतेक बंदुकांत मात्र तो डावीकडे असतो. या बंदुका म्हणजे पोर्तुगीजांची नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. पण नक्कल करणारा बाजू कशाला बदलेल? घोडा डावीकडे न्यायचा म्हणजे बाहेरून बसवलेली कमान उलट वळवायची, रंजकाची वाटी डावीकडे घ्यायची, नळीचा कान त्या बाजूला पाडायचा आणि लाकडातली खाचही तिकडेच कोरायची. युरोपीय चाप आयता आणला तर इथे बसणारच नाही. या बंदुका डावखुऱ्यांसाठी होत्या म्हणावं, तर सगळं राज्यच डावखुरं मानावं लागेल! उलट, उजव्या खांद्याला लावली की रंजकाचा भडका नेमबाजाच्या तोंडाजवळ उडणार. ही गैरसोय पत्करूनही घडण टिकली, याचा अर्थ ती चुकून आलेली नाही. दस्ताही तसाच. युरोपीय दस्ता खांद्यावर टेकायला सपाट असतो. इथे तो टोकाशी दुभंगतो आणि वळणदार होतो. त्यावर कोरलेली ‘लियवेल’ ही वेलबुट्टी सिंहली हस्तिदंती पेट्यांवरही दिसते.

कुणी म्हणेल, ठिणगी पाडण्याची युक्ती तर बाहेरचीच ना? अर्थातच, बाहेरच्या कमानीचा चाप स्पेन-पोर्तुगालकडचाच. पण नळी चांगली घडवलेली नसेल तर चाप काय करणार? गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या डच लिन्शॉटेनने १५९६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात सिंहली नळ्यांची तोंडभरून तारीफ केली आहे. लोखंडाची जाण तिथे आधीपासून होती. चाप मागाहून आला, आणि आला तोही त्यांच्या पद्धतीने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चांदी-हस्तिदंताने मढवलेल्या या बंदुका लढायच्या नव्हेत, मिरवायच्या. हाती उरलेल्या नमुन्यांपुरतं ते खरं मानू. पण जतन कशाचं होतं? १७६५ मध्ये डचांनी सिंहली राज्याची राजधानी कँडी लुटली. त्या लुटीतली नक्षीदार तोफ ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये राहिली आणि २०२३ मध्ये दोन मोठ्या बंदुकांसह श्रीलंकेला परत मिळाली. शिपायाची साधी बंदूक कोण जपून ठेवणार? १६३८ मध्ये गन्नोरुवाला पोर्तुगीज सेनेचा धुव्वा उडवणाऱ्या कँडीच्या फौजेकडे बंदुका होत्या. त्यांतल्या बहुतेक गंजून गेल्या असणार, किंवा मोडून त्यांच्या लोखंडाची अवजारं झाली असणार.