आधी एक वाफा, मग सगळे रान



आपल्या उत्पादक कंपनीचा सगळा कारभार एकदम संगणकावर न्यावा, असा आग्रह आहे. आम्ही म्हणतो, जरा थांबा. २००१ साली अमेरिकेत युटा राज्यात १७ संगणक-जाणकारांनी जाहीरनामा काढला : काम थोडेथोडे करा, वापरणाऱ्याला दाखवा, चुकले तर बदला. याला ते 'अजाइल' म्हणतात. शेतकऱ्याला हे नवे नाही. आयोवातील शेतकऱ्यांनी संकरित मका आधी थोड्या रानात पेरून पाहिला, मग वाढवला. रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ साली तशी नोंद केली. आपणही आधी एकाच मालाची वजनपावती संगणकावर करू. हंगामभर पाहू. फसले तर वाफा जाईल, रान वाचेल. कर्ज काढून सगळे रान पणाला लावायचे नाही.