मूल घरी आलं, पण दत्तक झालं का?



आज आम्ही तुमच्याशी दत्तकाविषयी चार शब्द बोलणार आहोत. दत्तक आपल्याला नवे नाही. "मांडीवर घेतला", "ओटीत घातला" असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण पुष्कळ घरांत मूल येते, वाढते, आणि दत्तक मात्र अर्धेच राहते. अर्धे दत्तक म्हणजे काय? ते पुरे कसे करायचे? आणि ते फिसकटले तर झालेल्या खर्चाचे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे आज पाहू.

आधी एक गोष्ट ऐका. नाव-गाव आम्ही सांगत नाही.

एका गावात नवरा-बायको राहत होते. पाच एकर रान होते. भावाभावांत वाटणी झालेली होती. घरात खायला होते, पण खेळायला मूल नव्हते. बाईच्या भावाला तीन मुलगे. त्यातला धाकटा तीन वर्षांचा असताना बाईने त्याला आपल्या घरी आणला. भाऊ म्हणाला, "ताई, ने याला. तुझाच समज." मुलाच्या आईला कोणी काही विचारले नाही. तिला वाटले, चार वर्षे राहील आणि परत येईल.

गावाला पुरणपोळीचे जेवण घातले. त्यात चाळीस हजार खर्च झाला. पुढे शाळेत मुलाच्या नावामागे या घरच्या धन्याचे नाव लागले. सगळ्यांना वाटले, दत्तक झाले.

अकरा वर्षे गेली. मुलगा चौदा पुरा झाला. आणि एके दिवशी धनी वारले. तेरावे झाल्यावर पुतणे घरी आले. म्हणाले, "काकी, तुम्ही आहात तोवर रान तुमचं. तुमच्या मागं ते आमच्याकडं येणार. हा पोरगा तुमच्या माहेरचा. तो आमच्या घरचा कोण?"

बाई म्हणाली, "अकरा वर्षं त्यांना आबा म्हणून हाक मारली त्यानं. दत्तकच आहे की तो!"

पुतणे म्हणाले, "मग कागद दाखवा. कागद नसला, तर दिल्या-घेतल्याचा साक्षीदार दाखवा."

बाईजवळ कागद नव्हता. साक्षीदारांनी पुरणपोळी खाल्ली होती, पण मूल दिल्या-घेतल्याचे पाहिले नव्हते. पुतणे काही वाईट माणसे नव्हती. त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

बाई आमच्याकडे आली. आम्ही पहिला प्रश्न विचारला, "मुलाची जन्मतारीख काय?" तिने सांगितली. आम्ही बोटांवर महिने मोजले. मुलाला पंधरा पुरी व्हायला तीन महिने उरले होते.

तीन महिन्यांचे एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. ते कळायला कायदा पाहू.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 साली झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू आहे. या कायद्यात दत्तक पुरे होण्याला काही गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट. मूल प्रत्यक्ष द्यावे लागते आणि प्रत्यक्ष घ्यावे लागते. "हे आता तुमचे" म्हणून आईबापांनी द्यायचे, आणि "हे आता आमचे" म्हणून घेणाऱ्यांनी घ्यायचे. होम केलाच पाहिजे असे नाही. पण देणे-घेणे झालेच पाहिजे. जेवणावळ म्हणजे देणे-घेणे नव्हे.

दुसरी गोष्ट. मूल देण्याचा हक्क मुळात आईबापांचा. आजी, मामा, चुलता यांना तो नाही. आणि बापाने एकट्याने देऊन भागत नाही, आईची संमती लागते. आईने द्यायचे तर बापाची लागते. घेणाऱ्यांच्या घरीही तसेच. नवरा घेत असेल तर बायकोची संमती लागते. 2010 साली कायदा सुधारला, तेव्हापासून लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याच्या संमतीने दत्तक घेता येते. विधवा बाईला तर तो हक्क आधीपासून आहे.

तिसरी गोष्ट. मुलाला पंधरा वर्षे पुरी झालेली नसावीत आणि त्याचे लग्न झालेले नसावे. काही समाजांत मोठ्या माणसाला दत्तक घेण्याची रूढी आहे. पण ती रूढी कोर्टात शाबित करावी लागते. त्यापेक्षा वेळेत काम केलेले बरे. आता तुम्हाला त्या तीन महिन्यांचे मोल कळले असेल.

चौथी गोष्ट. मुलगा घ्यायचा तर घरात आपला मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचा मुलगा हयात नसावा. मुलगी घ्यायची तर आपली मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नसावी. पुरुषाने मुलगी घेतली, किंवा बाईने मुलगा घेतला, तर दोघांच्या वयात निदान 21 वर्षांचे अंतर हवे.

आता कागदाचे. कागद नसला म्हणून दत्तक खोटे ठरते असे नाही. पण मग ते साक्षीपुराव्याने शाबित करावे लागते, आणि त्यात वर्षे जातात. दत्तकपत्र लिहून, देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांनी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवले, तर कोर्ट ते दत्तक कायदेशीर झाले असेच धरून चालते. ते खोटे आहे म्हणणाऱ्यावर पुरावा देण्याचा भार पडतो. सह्या केल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद नोंदणीला न्यावा.

तर त्या बाईचे काय झाले? ती भावाच्या गावी गेली. आम्हीही बरोबर गेलो. भाऊ लगेच तयार झाला. पण आम्ही म्हटले, "तुम्ही थांबा. मुलाच्या आईला विचारू द्या."

भावजय चुलीपाशी बसली होती. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "वन्सं, पोर तुम्हीच वाढवलंत. ते मी नाही म्हणत नाही. पण अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. दर दिवाळीला वाटायचं, आता कायमचा येईल. आज विचारलंत. आज मी देते."

त्या दोघी खूप रडल्या. मुलालाही विचारले. कायद्यात तशी सक्ती नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाला न विचारणे बरे नव्हे. तो म्हणाला, "मी आईपाशी राहणार." आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसला.

चार माणसांसमोर मूल दिले, घेतले. दत्तकपत्र लिहिले. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. कागद नोंदवला. पंधरा पुरी व्हायला तेव्हा सोळा दिवस राहिले होते.

जमिनीचे कसे, तेही सांगतो. धनी मृत्युपत्र न करता वारले. त्यांची आई आधीच गेलेली होती. म्हणून रान वारसाहक्काने बाईच्या नावे लागले. मूलबाळ नसताना बाई गेली असती, तर ते रान नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे पुतण्यांकडे गेले असते. आता तिच्यामागे तिचा मुलगा वारस आहे. ती हवे तर मृत्युपत्रही करू शकते. दत्तक घेतले म्हणून तिचा स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क जात नाही.

आणखी एक ध्यानात घ्या. कायदेशीर दत्तक एकदा झाले की ते मोडता येत नाही. पोर ऐकत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मोठा झाल्यावर पोरालाही "मी जन्माच्या घरी जातो" म्हणून दत्तक टाकून देता येत नाही. म्हणून घाई नको, आणि हयगयही नको.

आता दुसरा रस्ता पाहू. नात्यात मूल नसेल तर काय? अनाथ, टाकलेले, किंवा आईबापांनी सरकारच्या स्वाधीन केलेले मूल घेता येते. त्याचा कायदा 2015 सालचा बाल न्याय कायदा. हा सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, कोणीही त्यातून दत्तक घेऊ शकतो. नावनोंदणी केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे होते. त्याला 'कारा' म्हणतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलात तर ते नोंदणीचे सांगतात. मग कार्यकर्त्या घर पाहून जातात. बारी आली की मूल दाखवतात.

मूल पसंत करून घरी आणले, तरी दत्तक पुरे होत नाही. तोवर मूल तुमच्याकडे सांभाळायला दिलेले असते. आदेश झाला की दत्तक पुरे. 2021 च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचे काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची चौकशी होते. त्याला घाबरू नये.

आदेशाच्या आधी काही घरांचे जमत नाही आणि मूल परत जाते. अशा घरांना आम्ही दोष देत नाही. पण परत गेलेल्या मुलाचे घर दुसऱ्यांदा सुटते. म्हणून आधी विचार करा, आणि अडचण आली तर संस्थेच्या ताईंना वेळेवर सांगा. पुष्कळ अडचणी बोलून सुटतात.

आणि रस्त्यात, देवळात, दवाखान्यात मूल सापडले तर? देवाने दिले म्हणून घरी ठेवू नका. 1098 या नंबरावर फोन करा, किंवा पोलिसांना सांगा. बाल कल्याण समितीपुढे मूल न नेता परस्पर ठेवून घेतले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आता खर्चाचा प्रश्न. परवा एका सभेत एक मामा उठले. म्हणाले, "आमचा भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिकडं दत्तक फसलं तरी सरकार खर्चाची भरपाई देतं. मग आपल्याकडं का नाही?"

भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेत दत्तकासाठी वकील, कोर्ट, संस्था, प्रवास यांवर जो रास्त खर्च होतो, तो भरायच्या आयकरातून वळता करून मिळतो. 2025 सालासाठी एका मुलामागे ही रक्कम जास्तीत जास्त 17,280 डॉलर होती. त्यातले 5,000 डॉलरपर्यंत, कर तेवढा नसला तरी, हाती मिळू शकत होते. फार मोठी मिळकत असणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. आणि मूल अमेरिकेतलेच असेल, तर दत्तक अर्धे राहिले किंवा फिसकटले तरी खर्च मागता येतो. मात्र खर्च केला त्याच्या पुढच्या वर्षीच्या करात तो मागायचा. 2024 साली खर्च झाला, तर 2025 च्या करात.

पण मूल परदेशातले असेल, म्हणजे भाच्याने भारतातून मूल घ्यायचे ठरवले असेल, तर नियम वेगळा. दत्तक पुरे झाल्यावरच सवलत. मध्येच फिसकटले तर काही नाही. म्हणून कोणाचा अमेरिकेतला भाऊ "तुमची पोर आम्हाला द्या" म्हणाला, तर नुसता गावातला समारंभ करू नका. परदेशी मूल न्यायला 'कारा'चे ना-हरकत पत्र लागते. ते आधी पाहा, खर्च मागाहून.

आपल्याकडे दत्तकाच्या खर्चासाठी अशी आयकराची सवलत नाही. दत्तक पुरे होवो की अर्धे राहो, सरकार खर्च भरून देत नाही. मग आपण काय करायचे? खर्च मुळातच थोडा करायचा. जेवणावळीला कर्ज काढू नका. त्या बाईचे चाळीस हजार पंगतीत गेले, आणि कागद राहिला.

सरकारी रस्त्याने मूल घेताना ठरलेलेच शुल्क द्या, आणि पावती घ्या. देणगी म्हणून वर काही मागितले तर देऊ नका. नात्यात घेताना मुलाच्या आईबापांना मुलाबद्दल पैसा देणे किंवा त्यांनी घेणे हा 1956 च्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूल मिळवून देतो म्हणून मधला दलाल पैसे मागत असेल, तर तो मूल विकतो आहे असे समजा. मुलांच्या विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अशा माणसाला दिलेला पैसा परत येत नाही, आणि घेतलेले मूलही आपले होत नाही.

एक शब्द मूल देणाऱ्या आयांसाठी. कोणी माउली अडचणीत असेल, मूल सांभाळणे शक्य नसेल, तर तिने ते लपवून कोणाला देऊ नये. बाल कल्याण समितीपुढे जावे. तिथे सही केल्यावरही विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत असते.

आता घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी, भावकीत असे वाढवलेले मूल आहे का पाहा. असेल तर त्याची जन्मतारीख विचारा. मूल देताना आईबाप दोघांची संमती होती का, विचारा. दत्तकपत्र नोंदवले का, विचारा. एखादी गोष्ट राहिली असेल तर तालुक्याच्या गावी विधी सेवा समितीत जा. बायकांना आणि मुलांना तिथे वकिलाची मदत फुकट मिळते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. दत्तकपत्रावर अंगठा देण्याचे दिवस गेले. कागद स्वतः वाचा, मुलाचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का पाहा, आणि मगच सही करा.

ती बाई परवा भेटली. साक्षरता वर्गाला येते. म्हणाली, "दत्तकपत्र मी परत परत वाचते. पोराचं नाव आलं की जरा थांबते."