जॉब जिथे टेकतो, तिथून मोजा

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने या परिसरात वाढले. या धंद्यातलं एक भांडण नेहमीचं आहे. पुरवठादाराच्या सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर) पास झालेला जॉब ग्राहकाच्या सीएमएमवर रिजेक्ट होतो. मग यंत्रावर खापर फुटतं, कॅलिब्रेशनचे दाखले मागवले जातात. माझ्या मते अशा वेळी आधी अलाइनमेंट तपासावं. दोघांनी शून्य कुठे धरलं, हे जुळत नसेल तर दोन्ही यंत्रं बिनचूक असूनही आकडे जुळणार नाहीत.

मोकळ्या जॉबला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. मुख्य फेसवरचे तीन बिंदू त्यांतल्या तीन बंद करतात, दुसऱ्या बाजूवरचे दोन बिंदू आणखी दोन, आणि शेवटचा एक उरलेली एक. 3-2-1 चा हा हिशेब ऑपरेटरांना पाठ असतो. चूक होते ती मुख्य फेस निवडताना. इंजिनाचं कव्हर घ्या. ते गॅस्केटच्या फेसवर टेकतं आणि दोन डॉवेलवर बसतं, म्हणून ड्रॉइंगवर डेटमचा, म्हणजे जिथून मोजायचं त्या आधारांचा, क्रमही तसाच असायला हवा. पण प्रोब सहज पोचतो म्हणून एखाद्या लहानशा फेसवर, 50 मिमी अंतरात, बिंदू घेतले आणि तिथे 10 मायक्रॉनचा उंचवटा लागला, तर 300 मिमी लांबच्या बोअरपाशी ती चूक 60 मायक्रॉन होते. बोअर चांगला असतो, आणि रिपोर्ट त्याला वाकडा ठरवतो.

यावर कोणी म्हणेल, सॉफ्टवेअरमध्ये बेस्ट-फिट आहे, एवढा खटाटोप कशाला? मुक्त वळणांच्या डायसाठी किंवा पत्र्याच्या भागासाठी ते उपयोगी आहे, हे मान्य. पण कव्हरची चारही भोकं डॉवेलपासून एकाच दिशेला 0.08 मिमी सरकली असतील, तर त्या चार भोकांवरच केलेलं बेस्ट-फिट नेमकी तीच चूक गिळून टाकतं. भोकांचं आपसातलं अंतर बरोबर दिसतं, कव्हर मात्र बसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापमानाचीच चूक मोठी असते. खरं आहे. मोजमाप 20 अंशांना धरलं जातं, आणि 30 अंशांवरचा 200 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब सुमारे 46 मायक्रॉनने वाढलेला असतो. मात्र जॉब वातानुकूलित खोलीत पुरेसा वेळ ठेवला की ही चूक जाते. चुकीचा डेटम कितीही थंड केला तरी चुकीचाच राहतो. (कास्टिंगच्या कच्च्या फेसवर तर तीन बिंदू कुठे घ्यायचे, ती जागाही ड्रॉइंगनेच सांगायला हवी.)

तेव्हा कारखानदारांना विनंती आहे. ड्रॉइंगवर डेटम नसतील, तर पहिला जॉब टेबलावर चढवण्याआधी ग्राहकाच्या डिझाइन विभागाला लेखी विचारा, आणि अलाइनमेंट कुठल्या फेसवरून, किती बिंदूंवर घेतलं, ते प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या ओळीत छापा.