आठ कलांचा फरक



पंचांगातील ‘मंगळ वक्री’ हे शब्द आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदा मंगळ ताऱ्यांमधील आपली पूर्वेकडची चाल थांबवतो, दोन-अडीच महिने उलटा पश्चिमेकडे सरकतो आणि मग पुन्हा मार्गी होतो. ग्रहमालेचे चित्र माणसाने अनेकदा बदलले. ते कशाच्या बळावर बदलले, हे या एका ग्रहाच्या कथेतून फार चांगले समजते. म्हणून आज तीच सांगणार आहे.

इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने मांडलेली रचना अशी : पृथ्वी स्थिर, ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावरून सरकतो. दोन्ही गती एकत्र झाल्या की ग्रह मधूनमधून वक्री दिसतो. आज टॉलेमीला हसण्याची रीत पडली आहे. पण त्याचे गणित चौदाशे वर्षे चालले ते लोक भाबडे होते म्हणून नव्हे. ग्रह साधारणपणे सांगितलेल्या जागी सापडत, म्हणून ते चालले.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने सूर्य मध्ये ठेवला आणि पृथ्वीला ग्रहांच्या रांगेत बसवले. आपली आगगाडी शेजारच्या रुळावरील मालगाडीला मागे टाकू लागली की मालगाडी उलटी जाते आहे असा भास होतो. पृथ्वी मंगळाला असेच मागे टाकते, आणि मंगळ वक्री दिसतो. उलगडा किती सोपा! परंतु वर्तुळाचा मोह कोपर्निकसलाही सुटला नाही. त्याला पुन्हा लहान वर्तुळे जोडावी लागली, आणि त्याचे गणित जुन्यापेक्षा फारसे अचूक ठरले नाही. चित्र अधिक सुंदर झाले; आकाशाशी त्याचा मेळ मात्र बसला नाही.

येथे डेन्मार्कचा टायको ब्राहे पुढे येतो. १५७६ मध्ये राजाने त्याला ह्वेन नावाचे बेट दिले. तेथे त्याने वीस वर्षे ग्रहांचे वेध घेतले. दुर्बीण तेव्हा नव्हतीच. होती ती मोठी कोनमापक यंत्रे आणि विलक्षण चिकाटी. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. पूर्णचंद्राचे बिंब सुमारे एकतीस कलांचे असते. टायकोचे उत्तम वेध एक-दोन कलांपर्यंत बरोबर असत.

गंमत अशी की, कोपर्निकसचे म्हणणे टायकोला पटले नाही. पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांच्या जागा वर्षभरात किंचित हललेल्या दिसल्या पाहिजेत. त्या दिसत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता. म्हणून ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी मधली रचना त्याने सुचवली. आपल्याकडे केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी अशाच तऱ्हेची रचना टायकोच्या आधी मांडली होती. टायकोचा आक्षेप प्रामाणिक होता. ताऱ्याचे ते हलणे बेसेलने १८३८ मध्ये मोजले, आणि ते एका विकलेच्या तिसऱ्या भागाएवढे निघाले. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग! टायकोच्या यंत्रांत ते सापडणे शक्यच नव्हते.

१६०० मध्ये प्राग शहरी टायकोकडे योहान्नेस केप्लर आला. त्याच्याकडे मंगळाचे काम सोपवण्यात आले. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि त्याचे वेध केप्लरच्या हाती आले. केप्लर कोपर्निकसचा अनुयायी होता. त्याने मंगळासाठी वर्तुळाची कक्षा धरली आणि हाताने सत्तरेक वेळा आकडेमोड केली. अखेर गणित दोन कलांच्या आत जुळले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. केप्लरने तेच गणित आणखी काही वेधांवर लावून पाहिले, तर आठ कलांचा फरक पडला. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाचा चौथा भाग!

टॉलेमीच्या काळी ही चूक कोणी मनावर घेतली नसती, कारण वेधच तितके ढोबळ होते. पण टायको आठ कला चुकणार नाही, याविषयी केप्लरला संशय नव्हता. मग चुकले कोण? आकाशातील गती वर्तुळाकारच असली पाहिजे, ही दोन हजार वर्षांची समजूत! १६०९ मध्ये त्याने जाहीर केले की, मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य तिच्या एका नाभीत आहे.

हे लंबवर्तुळ तरी किती लांबट? फळ्यावर मंगळाची कक्षा एक मीटर लांब काढली, तर तिची रुंदी जेमतेम साडेचार मिलिमीटरने कमी भरेल. नुसत्या डोळ्यांना ते वर्तुळच वाटेल. एवढ्याशा फरकासाठी केप्लरने स्वतःचे जुळलेले गणित टाकून दिले.

आपल्या ज्योतिषात यासाठी ‘दृक्प्रत्यय’ असा नेमका शब्द आहे. गणिताने आलेला ग्रह आकाशात तेथेच दिसला पाहिजे. केप्लरने वर्तवले होते की, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल. आणि आपले आकडेही चुकू शकतील हे जाणून, आदल्या व दुसऱ्या दिवशीही लक्ष ठेवा, असे त्याने निरीक्षकांना सांगून ठेवले होते. १६३० मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी, त्याने सांगितलेल्याच दिवशी, पॅरिसमध्ये गासेंदीला सूर्यबिंबावर बुधाचा तो बारीक काळा ठिपका सरकताना दिसला.