प्रश्नावली घेऊन कुणी आलं तर

अमरावती-अकोल्याच्या आपल्या बचत गटांकडे वाणिज्य, व्यवस्थापनात पीएच.डी. करणारी मुलंमुली प्रश्नावली घेऊन येतात. मागे आम्ही सगळ्यांसमोर, अध्यक्षाबाईंच्या तोंडाकडे पाहत उत्तरं दिली. सावकाराचं कर्ज कुणीच सांगितलं नाही.

पीएच.डी.ला आधी कोर्सवर्क असतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते किमान १२ क्रेडिटचं. माहिती कशी गोळा करावी, संशोधनात प्रामाणिकपणा कसा पाळावा, हे त्यात शिकवतात. म्हणून बिनधास्त विचारा: माझं नाव गुप्त राहील ना? एकटीला विचाराल ना? एखाद्या प्रश्नाला नाही म्हटलं तर चालेल ना? काय निघालं ते गटाला येऊन सांगाल ना?

हो म्हटलं, तर खरंच सांगा. खोट्या आकड्यांत आपली अडचण दिसतच नाही.