घरास पात्र कोण?



मी विद्वान नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि सरकारी कचेऱ्यांतल्या बाकांवर अर्जदारांशेजारी बसून. त्या बाकांवर एक शब्द सारखा कानी पडतो. तोच आज आपणांपुढे तपासण्यासाठी ठेवतो. तो शब्द म्हणजे ‘पात्र’. पात्र यादी, अपात्र यादी, पात्रतेचा दाखला. गरिबाला सरकारी घर मिळावयाचे तर त्याने आधी या शब्दातून पार व्हावे लागते.

दान सत्पात्री करावे, अशी आपली जुनी शिकवण आहे. दान करणाऱ्याने घेणाऱ्याची पारख करावी, यात वावगे काही नाही. पण सरकारी घर हे दान आहे काय? ते लोकांच्या करातून आणि बहुधा लोकांच्याच जमिनीवर उभे राहते. बाजारातून साबणाची वडी घेणारा कातकरीही तो कर भरतो. तरीसुद्धा घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती पडताना दिसली की आपल्या मनातला दाता जागा होतो आणि विचारू लागतो: हा खरा गरजू आहे का? हा कष्टाळू आहे का? आणि हा आपला आहे का? हे तीन प्रश्न कोठून आले आणि ते कोणाला विचारले जात नाहीत, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आरंभ मुंबईपासून करतो, कारण या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. साथ पसरते ती कोंदट वस्तीतून, आणि ती बंगल्याच्या दारातही येते, हे तेव्हा राज्यकर्त्यांना उमगले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने चाळी बांधल्या. त्यामागे दयेपेक्षा धास्ती अधिक होती. पण हेतू कोणताही असो, भिंती उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हाही त्यांचे बिऱ्हाड त्या चाळीतच होते. त्या दोन खोल्या देताना भाडेकरूची ‘लायकी’ आजच्या काही लोकांच्या मापाने मोजली असती, तर अस्पृश्य जातीतल्या निवृत्त सुभेदाराच्या कुटुंबाला दार उघडले असते काय? याचा विचार आपणच करा.

त्यानंतर १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. एकूण २०७ इमारती आणि खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षे त्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा प्रसंगी एक सूर हटकून ऐकू येतो: ‘एवढ्या मोक्याच्या जागेवर या लोकांना घरे कशाला?’ पण ती जागा मोक्याची केली कोणी? ज्यांनी गिरण्या चालवल्या, गोदी चालवली, रस्ते झाडले, त्यांनीच ना? ज्याच्या श्रमाने जमिनीला मोल आले, त्यालाच त्या मोलाचे कारण सांगून दूर धाडावयाचे, हा उलटा न्याय झाला.

आता गिरणी कामगारांचे पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियमावलीत असे ठरले की, गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे व्हावेत. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. साहजिकच शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला. हा बदल २००६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. तरीही दत्ता इस्वलकर आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लढा सोडला नाही, म्हणून काही घरे हाती आली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५, २०१६ च्या दोन सोडतींत २,६३४ आणि २,४१७, तर २०२० च्या सोडतीत ३,८९४. बेरीज होते १५,८७० घरांची. आणि अर्ज किती? सुमारे पावणेदोन लाख.

हा अर्ज करावयाचा कोणी? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीत कामाला होता त्याने, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या वारसाने. पुरावा काय? तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ई. एस. आय. कार्ड, पगाराची चिठ्ठी. ज्याचे नाव मस्टरवर कायम होते त्याला हे जमते. पण बदली कामगाराचे काय? रोज सकाळी तो गिरणीच्या दारात उभा राही. काम मिळाले तर आत, नाही तर परत. कागद त्याच्याकडे सर्वांत थोडे. आणि गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाईचे काय? गावाकडून एकटा आलेला कामगार तिच्या हातचे जेवून पाळीला जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना संघटित केले, तेव्हा कोठे जगाला त्या दिसल्या. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांचीही चूल विझली. पण त्यांच्यापाशी तिकीट नंबर नव्हता. म्हणजे चाळणी लावली ती श्रमाला नव्हे, श्रमाच्या कागदाला लावली गेली.

पुढे काय झाले तेही सांगतो. मार्च २०२४ च्या शासननिर्णयानुसार उरलेल्यांसाठी वांगणी आणि शेलू येथे घरे देऊ केली गेली. शेलू आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. जो हा पर्याय नाकारील त्याचा हक्क जाईल, असे कलमही त्यात होते. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले: आम्हांला मुंबईत घर द्या. तेव्हा ते कलम रद्द करण्याचे आश्वासन मिळाले. ‘मिळते ते घ्यावे, निवड कसली करता?’ असे म्हणणारे तेव्हाही होते. परंतु घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. जवळ काम, मुलांची शाळा, दवाखाना, ओळखीचा वाणी, हे सारे मिळून घर होते. आपण स्वतः भाड्याची जागा पाहावयास गेलो तर आधी हेच विचारतो. मग गरिबाने विचारले तर तो हट्टी कसा?

आता सोलापूरचे उदाहरण घेऊ. ते मला फार शिकवून गेले. तेथे हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. मालक पान, तंबाखू, सूत देतो. बाई ते घरी नेते आणि वळून आणून देते. म्हणजे तिचे घर हाच तिचा कारखाना, आणि त्या कारखान्याचे भाडे भरते तीच! या बायांनी कॉम्रेड नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढली आणि सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिले गोदावरी परुळेकरांचे. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉक्टर मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती घरे मिळाली. तेथेच पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यांतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्त झाली. सरकारे दोन, पक्ष निराळे. पण मागणी धरून बसलेल्या बाया त्याच सोलापूरच्या. त्यांनी आपला वाटा भरला, सभा केल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षे वाट पाहिली. कोणी त्यांना फुकटे म्हणेल, त्याने दिवसाला हजार विड्या वळून पाहाव्यात.

सोलापूर लांब राहिले, आता आपल्या खाडीकडे येतो. ग्रामीण आवास योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात कोणाला वगळावयाचे याच्या तेरा कसोट्या होत्या. त्यांतल्या पहिल्याच कसोटीत दुचाकीबरोबर मासेमारीची यांत्रिक होडीही होती. ज्याच्याकडे यंत्राची होडी, तो घरकुलास अपात्र! दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याला होडी म्हणजे श्रीमंती वाटली असावी. आगरदांड्याला, राजपुरीला, दिघीला विचारा. होडी हे कोळ्याचे अवजार, सुताराच्या रंध्यासारखे. इंजिनावर कर्ज, जाळ्यावर कर्ज, डिझेलची उधारी, आणि पावसाळ्यात ती शाकारून किनाऱ्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्याची कौले आणि पत्रे उडाले, तेव्हा होडीवाल्याचे छप्पर काय निराळे राहिले होते? २०२४ साली हा नियम बदलला. दुचाकी, यांत्रिक होडी, फ्रिज आणि टेलिफोन या अटी गळाल्या. चांगले झाले. पण मधल्या आठ वर्षांचे काय? ज्याने कर्ज काढून पोट भरण्याचे साधन घेतले तो नापास, आणि ज्याने काहीच केले नाही तो पास, असा धडा त्या नियमाने गावाला घालून दिला. आणि वर आपणच म्हणावयाचे की, गरीब लोक धडपड करीत नाहीत!

दुसरी बाजू कातकऱ्यांची. घरकुल बांधावयाचे तर पायाखाली जमीन हवी. कातकरी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जागेत झोपडी घालून राहते, पावसाळा सरला की वीटभट्टीवर नाही तर कोळशाच्या कामावर जाते. यादी करणारा येतो तेव्हा झोपडीला कुडाचे दार लावलेले. घर मिळण्यासाठी पत्ता लागतो, आणि पत्ता मिळण्यासाठी घर लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने आदिम जमातींसाठी स्वतंत्र योजना आणली, तीत कातकरीही आले. तरी जमिनीचा प्रश्न सुटल्यावाचून ती भिंत पूर्ण होणार नाही.

येथे माझे मुख्य म्हणणे येते. आपण लायकी आधी तपासतो आणि घर नंतर देऊ म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळशी लायकी घरामागून येते. रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचे खाते, मुलाचा शाळेतला दाखला, या साऱ्यांच्या मुळाशी एक स्थिर पत्ता असतो. दार असले की मुलगी निर्धास्त अभ्यास करते. भिंत असली की म्हातारा रात्री झोपतो आणि सकाळी कामाला जातो. ज्याला आपण बेशिस्त, अस्वच्छ, अस्थिर म्हणतो, तो पुष्कळदा फक्त बेघर असतो.

आपण विचाराल, ‘लोक मिळालेली घरे विकतात, भाड्याने देतात, खोटी नावे घालतात, त्याचे काय?’ हे घडते. मी संघटनेचा माणूस म्हणून ते झाकणार नाही. खोटे नाव घालणाऱ्यावर आणि घालून देणाऱ्यावर, दोघांवरही कारवाई व्हावी. मात्र घर का विकले, हेही विचारा. काही वेळा इमारतीचा देखभालखर्च झेपत नाही, काही वेळा ते कामापासून इतके दूर असते की, प्रवासातच मजुरी जाते. आणि एका चोरासाठी दहा प्रामाणिकांना रांगेत उभे करून त्यांचे भांडीकुंडी मोजणे, याला शिस्त म्हणत नाहीत.

शिवाय सरकारी मदतीची घरे केवळ गरिबांचीच असतात, हाही एक भ्रम आहे. गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट देण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे होती. २०१४ साली तिची मर्यादा दोन लाखांपर्यंत वाढवली गेली. ती सूट म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा. अधिकाऱ्यांच्या, पुढाऱ्यांच्या, मान्यवरांच्या गृहसंस्थांना सवलतीने भूखंड मिळाले. त्यांपैकी कोणाच्या घरी जाऊन कोणी फ्रिज मोजला? कोणी विचारले की, हा कष्टाळू आहे का? मी त्यांना दोष देत नाही. मध्यमवर्गीयालाही घर मिळाले पाहिजे. इतकेच म्हणतो की, मदत वरच्याला मिळाली तर ती ‘सवलत’ आणि खालच्याला मिळाली तर ती ‘खिरापत’, हा भाषेतला भेद आपण ओळखावा.

मग निवड करावयाचीच नाही काय? घरे थोडी आणि मागणारे फार, तोवर क्रम लावावाच लागेल. पण क्रम लावणे निराळे आणि लायकी ठरवणे निराळे. दवाखान्यात ज्याची जखम मोठी त्याला आधी आत घेतात. तो माणूस भला की बुरा, हे कोणी पाहत नाही. घराचा क्रमही तसाच लागावा: कोणाचे छप्पर गळते, कोणाच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, कोणाच्या घरात आजारी, अपंग, लहान मूल आहे. हे जगजाहीर मोजता येते, आणि चुकले तर दुरुस्तही करता येते.

म्हणून जाताना एक मागणी करतो. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते, पण त्या सभेला आपल्यासारखी शिकलीसवरली माणसे क्वचितच जातात. यापुढे जा. यादी मोठ्याने वाचावयास लावा. वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहून मागा. भट्टीवर गेलेल्या कातकऱ्याचे नाव कोणी घेतले नाही, तर ते आपण घ्या. आणि एखादे कुटुंब नव्या घरात राहावयास आले, तर ‘याला कसे मिळाले?’ असे विचारण्याआधी ‘पाणी आले का, वीज आली का?’ एवढे त्याला विचारा. त्या कुटुंबाला शेजार हवा असतो, आणि तो कोणत्याही योजनेत मंजूर होत नाही. तो आपणच द्यावा लागतो.